बाळ एक पाय हलवत नाही, एक्स-रे नॉर्मल, ताप पण नाही, मग थांबायचं का?

आधी एवढंच वाचा, बाकीचं गाडीत बसून वाचलंत तरी चालेल. आठवडाभर थांबू नका, उद्या सकाळपर्यंतही थांबू नका. जिथे नवजात बाळांचा आयसीयू, रात्री सोनोग्राफी करणारा माणूस आणि बाळाला भूल देऊ शकणारे डॉक्टर असं तिन्ही आहे तिथे बाळाला आजच न्या. निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या, कारण हॉस्पिटल मोठं असलं तरी २६ दिवसांच्या बाळाला भूल देणारं कुणी हजर असेलच असं नाही, आणि तिथून पुढे पाठवण्यात अजून अर्धा दिवस जातो.

आता तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगा २६ दिवसांचा, ३४व्या आठवड्यात झालेला, ११ दिवस एनआयसीयूत काचेत होता, तेव्हा नाळेतून नळी घातलेली होती. घरी आल्यावर दोन्ही पाय छान मारायचा. ४ दिवसांपासून डावा पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतो, दूध जरा कमी झालंय, ताप नाही. एक्स-रे नॉर्मल, सीआरपी (शरीरात सूज, इन्फेक्शन आहे का ते सुचवणारी रक्ताची तपासणी) ५.८ म्हणजे "जरासा वाढलाय". मालीशवाल्या मावशी म्हणतात पाय लचकलाय, जवळचे डॉक्टर म्हणाले नस दबली असेल, सिरप देऊन आठवडाभर बघू. आणि तुम्ही विचारताय की नस असेल का, एमआरआय करायचा का, आणि हाडात इन्फेक्शन निघालं तर इंजेक्शनं किती दिवस.

मी गेली १९ वर्षं लहान मुलांची हाडं बघते. बाळ मी बघितलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाहीये आणि मी चुकीची ठरूही शकते. पण चूक दोन्हीकडून सारखी नसते हे लक्षात घ्या. मी चुकले तर तुमची एक रात्र, गाडीभाडं आणि एका सोनोग्राफीचे पैसे जातील. थांबायचा सल्ला चुकला, म्हणजे खुब्यात इन्फेक्शन होऊन पू झालेला निघाला, तर खुब्याचा सांधा जाईल. आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या आठवड्यात हेच घोकून घेतो की आधी हलवत असलेला हातपाय बाळाने हलवायचा थांबवला तर तिथे पू आहे असंच धरून चालायचं, नाहीये हे सिद्ध होईपर्यंत.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते सीआरपीचं. तुम्ही ५.८ लिहिलंय. रिपोर्ट परत काढा आणि आकड्याच्या पुढे युनिट काय छापलंय ते बघा. मिलिग्रॅम पर लिटर असेल तर ५.८ खरंच काठावरचा आकडा आहे. पण आपल्याकडच्या काही लॅब मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये देतात, डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, आणि तसं असेल तर ते ५८ झालं, म्हणजे नॉर्मलच्या दहापट. हा गोंधळ मी इतक्या वेळा बघितलाय की आता कुणी फोनवर नुसता आकडा सांगितला की मी आधी युनिट विचारते. शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते, ०.५ किंवा ०.६ पर्यंत लिहिलं असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. आणि समजा मिलिग्रॅम पर लिटर निघालं तरी बिनधास्त होऊ नका, इतक्या लहान बाळात सुरुवातीला सीआरपी कमी दिसू शकतो, तो १२ ते २४ तासांनी परत करायचा असतो.

ताप नाही याचं. मोठ्या मुलाला हाडात पू झाला तर १०२, १०३ ताप, थंडी, पाय टेकवत नाही, सगळं ठळक असतं. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप येईलच असं नाही, उलट कधी कधी अंग गार पडतं. दूध कमी, चिडचिड, नाहीतर नुसतं मलूल पडून राहणं, एवढंच. पांढऱ्या पेशीही नॉर्मल असू शकतात. नेटवर शोधलंत तर खुब्यात पू आहे का हे ठरवायचे कोचर यांचे चार निकष सापडतील, १९९९ सालचे, ताप, पाय न टेकणं, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताचीच दुसरी तपासणी) ४० च्या वर, पांढऱ्या पेशी १२ हजारांच्या वर. ते चालणाऱ्या मुलांसाठी आहेत. तुमचं बाळ पाय टेकणार कुठून? ते निकष लावून "एकच बसतोय, म्हणजे काही नाही" असा निष्कर्ष काढू नका, हे मी मुद्दाम सांगतेय कारण असा कागद घेऊन आलेले एक बाबा मला भेटलेत.

एक्स-रे नॉर्मल आहे याचा अर्थ फ्रॅक्चर बहुतेक नाही, इतकाच घ्यायचा. हाडातला बदल एक्स-रेत दिसायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, कधी दोन आठवडे. शिवाय महिन्याच्या बाळाचा खुब्याचा गोळा अजून हाडाचा झालेलाच नसतो, तो सगळा कूर्चेचा (मऊ, लवचिक कार्टिलेजचा) असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, हाडाचा ठिपका ४ ते ६ महिन्यांनी उगवतो. म्हणजे जिथे पू असायची भीती आहे तो सांधा फिल्मवर जवळजवळ रिकामाच दिसतो. मग आम्ही काय बघतो, तर डाव्या मांडीच्या हाडाचं वरचं टोक उजव्यापेक्षा बाहेरच्या बाजूला सरकलंय का, आणि मांडीच्या मांसाची सावली फुगलीय का. हे बघायला दोन्ही खुबे एकाच फिल्मवर सरळ यायला लागतात. नुसत्या डाव्या पायाचा एक्स-रे काढला असेल, आणि बहुतेक तोच काढतात, तर तुलना करायला काही उरतच नाही.

नस दबली असेल का, हा तुमचा पहिला प्रश्न. नस दुखावली असती तर ती बहुतेक वेळा बाळंतपणात दुखावते आणि पहिल्या दिवसापासून दिसते. तुमचं बाळ घरी आल्यावर दोन्ही पाय मारत होतं, मग थांबलं. दुसरं, नस गेलेला पाय लुळा असतो, हलवला तर बाळ सहसा रडत नाही, तुमचं किंचाळतंय. मी ओपीडीत काय करते ते सांगते. बाळाला आईच्या मांडीवर निजवायचं, अंगावरचं दुपटं काढायचं आणि दोन मिनिटं हात न लावता नुसतं बघायचं. खुब्यात पू असलेलं बाळ पाय एका ठरावीक ढबीत ठेवतं, मांडी वाकवलेली, बाहेर फेकलेली, बेडकासारखी, कारण त्या ढबीत सांध्यात सगळ्यात जास्त जागा होते आणि ताण कमी पडतो. मग तळव्याला हळूच गुदगुल्या करायच्या. बोटं आखडतात, घोटा वर येतो, कधी गुडघाही थोडा हलतो, पण मांडी मात्र जागची हलत नाही, बाळ ती जीव मुठीत धरल्यासारखी धरून ठेवतं. बोटं आणि घोटा हलले म्हणजे नस चालू आहे, बाळ दुखतं म्हणून पाय हलवत नाहीये. ही गुदगुल्यांची टेस्ट तुम्हीही घरी करू शकता, त्याला डॉक्टर लागत नाही. पण मांडी वाकवून, फाकवून बघू नका, ते आमच्यावर सोडा.

हातातही हेच होतं आणि तिथे तर जास्त फसायला होतं. दोन महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आली होती, खांद्याची नस म्हणून १० दिवस फिजिओथेरपी चालू होती, रोज हात वर खाली. प्रत्येक वेळी रडायची, आणि घरच्यांना सांगितलेलं की व्यायामाला सगळीच बाळं रडतात. आईने एकच वाक्य सांगितलं, "मॅडम, जन्मल्यावर महिनाभर ती हाच हात तोंडात घालायची." तेवढ्यावर मी सोनोग्राफीला पाठवलं, खांद्यात पू होता.

आता हे होतं कसं, कारण ते कळलं की घाई का ते कळेल. एनआयसीयूत बाळ जगवायला नळ्या, सुया, टाचेतून रक्त हे सगळं लागतंच, त्यात कुणाचा दोष शोधत बसू नका. पण त्या वाटेने जंतू रक्तात शिरतात आणि हाडाच्या टोकाशी, जिथे रक्त संथ फिरतं, तिथे बसतात. मोठ्या मुलात हाड आणि सांधा यांच्या मध्ये वाढीची प्लेट असते आणि ती जंतूंना बऱ्यापैकी अडवते. साधारण वर्ष दीड वर्षाच्या आतल्या बाळात त्या प्लेटमधून बारीक रक्तवाहिन्या आरपार जातात, त्यामुळे पू हाडातून थेट हाडाच्या टोकात आणि सांध्यात उतरतो. शिवाय खुबा आणि खांदा इथे हाडाचा तो भागच सांध्याच्या पिशवीच्या आत असतो, म्हणजे पू बाहेर फुटला तरी सांध्यातच फुटणार. म्हणून लहान बाळात हाडाचं इन्फेक्शन वेगळं आणि सांध्याचं वेगळं असं फारसं राहत नाही, दोन्ही एकत्र धरूनच चालायचं.

यातली एक बाजू बरी आहे. बाळाचं हाड पातळ असतं, वरचं वेष्टण सैल असतं, पू लवकर बाहेर पडतो आणि नवीन हाड इतक्या पटकन बनतं की सहा महिन्यांनी फिल्म बघून विश्वास बसत नाही. मोठ्यांसारखा मेलेल्या हाडाचा तुकडा आत राहून वर्षानुवर्षं पू वाहणं बाळांमध्ये कमी दिसतं. वाईट बाजू म्हणजे कूर्चा आणि वाढीची प्लेट. पुवातली रसायनं कूर्चा विरघळवतात, आणि खुब्यात दाब वाढला की गोळ्याचं रक्त बंद पडतं. हे तासांत सुरू होतं. थॉमस स्मिथ नावाच्या लंडनच्या सर्जनने १८७४ मध्ये बाळांच्या या आजारावर लिहिलं तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच, पण गोळा विरघळून गेलेला खुबा आम्ही अजूनही त्याच्याच नावाने ओळखतो, आणि दीडशे वर्षांनीही तो बघायला मिळतो, उशिरा आलेल्या बाळांमध्ये.

माझ्याकडूनही उशीर झालाय. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी, शनिवारची संध्याकाळ, २० दिवसांची मुलगी, उजवा पाय हलवत नाही, एक्स-रे नॉर्मल, ताप नाही, सोनोग्राफीवाले निघून गेलेले. मी म्हटलं अँटिबायोटिक चालू करू आणि सोमवारी सकाळी बघू. सोमवारी खुब्यातून घट्ट पिवळा पू निघाला. ती मुलगी आता शाळेत जाते, उजवा पाय साडेचार सेंटीमीटर आखूड आहे, त्यांच्या गावातला चप्पल दुरुस्तीवाला उजव्या चपलेला रबराचे थर चिकटवून देतो आणि ती वाढली की एक थर वाढवतो. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दाखवायला येते, मी टेपने पाय मोजते आणि कागदावर आकडा लिहिते. तेव्हापासून मी शनिवार रविवार बघत नाही.

तर आज हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर काय व्हायला हवं. पहिलं, अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू उगवून बघायची तपासणी. बाळ खूप खराब असेल तर कशासाठीच थांबायचं नाही हे खरं, पण कल्चरचं रक्त काढायला दोन मिनिटं लागतात, ती कधीही मिळतात. म्हणून घरून निघताना मेडिकलमधून आणलेलं कुठलंही अँटिबायोटिक सिरप देऊ नका, आधीच देत असाल तर नाव आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहून घ्या. अर्धवट डोसने पू जात नाही, फक्त जंतू कल्चरमध्ये उगवत नाही, आणि मग पुढचे सहा आठवडे आम्ही अंधारात तीर मारतो.

दुसरं, दोन्ही खुब्यांची सोनोग्राफी. हाडाच्या मानेपासून सांध्याच्या पिशवीचं अंतर मोजायचं, डावीकडे किती मिलिमीटर आणि उजवीकडे किती. फरक दिसला, पाणी दिसलं, की त्याच टेबलावर सुई. पाणी साधं आहे की पू हे सोनोग्राफीवरून खात्रीने सांगता येत नाही, सुई घालूनच कळतं. कुणी म्हणालं "थोडं फ्लुइड आहे, वाट बघू" तर तुम्ही नम्रपणे पण ठाम विचारा की सुई घालून का बघत नाही. आणि पहिल्या दोन तीन दिवसांत पू हाडातच असेल, सांध्यात उतरला नसेल, तर सोनोग्राफी साफ येऊ शकते, मग ती परत करायची किंवा एमआरआय.

सुईने जे निघेल त्याचा थोडा भाग स्लाइडवर, ग्रॅम स्टेनसाठी (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला), तो तासाभरात कळतो, थोडा पेशी मोजायला आणि थोडा ब्लड कल्चरच्या बाटलीत, कारण बाटलीत घातलेल्या पुवातून जंतू उगवायची शक्यता जास्त. आणखी एक अनुभवाचं, पू इतका घट्ट असतो की बारीक सुईतून येतच नाही. सुई कोरडी आली म्हणजे सांधा साफ आहे असं मी कधीच धरत नाही, जाड सुईने परत बघते, सुई खरंच सांध्यात आहे ना याची खात्री करते.

एमआरआयचं विचारलंत. तपासणी उत्तमच आहे, हाडात, कंबरेत, मणक्यात कुठे काय लपलंय ते दाखवते, आणि इतक्या लहान बाळाला बहुतेक वेळा भूलही लागत नाही, पोटभर दूध पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळलं की ते झोपतं आणि तेवढ्यात काम होतं. पण सोनोग्राफीत पू दिसत असताना एमआरआयच्या नंबरसाठी परवापर्यंत थांबणं म्हणजे घर जळत असताना पंचनामा करण्यासारखं आहे. आधी पू काढा, मग लागला तर एमआरआय. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त बाळांना तो लागलेला नाही.

एक राहिलं, पू एकाच ठिकाणी असेल असं नाही. या वयात बऱ्याचदा दोन, तीन ठिकाणी निघतो. डाव्या खुब्यावर सगळे तुटून पडतात आणि उजव्या खांद्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. अख्खं बाळ उघडं करून प्रत्येक सांधा चाचपायला हवा, रोज, ऑपरेशन झाल्यावरसुद्धा. नाळेची जागा, नळ्या लावलेल्या जागा, टाचा, जांघ, तीही बघायची. तुम्ही रोज आंघोळ घालणारे लोक आहात, "हा हात पण कमी हलवतोय" हे सगळ्यात आधी तुम्हालाच दिसणार, लगेच सांगा.

खुब्यात पू निघाला तर ऑपरेशन, त्याला पर्याय शोधू नका. गुडघ्यात, घोट्यात मी कधी कधी परत परत सुईने काढून चालवून घेते, खुब्यात नाही. छोटा छेद, सांधा उघडायचा, सलाईनने भरपूर धुवायचा, एक दोन दिवस ड्रेन, म्हणजे उरलेला पू वाहून जायची नळी, ठेवायची. ऐकायला भयंकर वाटतं, पण मोठं काम भुलीचं आणि नंतरच्या काळजीचं असतं, म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की जागा नीट निवडा. ऑपरेशनच्या आधी आईचं दूध ४ तास बंद ठेवायला सांगतात, पावडरचं दूध ६ तास. बाळ रडलं म्हणून कुणी गुपचूप चमचाभर पाजू नका, तेवढ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. पुवाने सांधा सैल होऊन खुबा निखळू शकतो, म्हणून नंतर काही आठवडे पाय फाकवून ठेवणारा पट्टा किंवा प्लास्टर लागतं.

आता इंजेक्शनं किती दिवस. हे जंतूवर, बाळाच्या वयावर आणि किती लवकर उतार पडतो यावर आहे, आधीच आकडा सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. साधारण महिन्याच्या आसपासच्या बाळाला एकूण ४ ते ६ आठवडे, आणि त्यातला बराचसा भाग शिरेतून, कारण इतक्या लहान बाळाच्या पोटातून औषध किती शोषलं जाईल याचा नेम नाही. तुम्हाला कुणी २० दिवसांचं सांगेल. ते फिनलंडमधल्या पेल्टोला यांच्या टीमच्या कामावरून आलंय, २०१० मध्ये आलेलं, हाडाच्या इन्फेक्शनला २० दिवस पुरतात की ३० लागतात असं त्यांनी बघितलं, त्यात शिरेतून फक्त पहिले काही दिवस, आणि २० पुरले. चांगलं काम आहे, मोठ्या मुलांत मीही तसंच करते. पण त्यात मुलं होती ३ महिने ते १५ वर्षांची. तुमचं बाळ २६ दिवसांचं आहे आणि वेळेआधी झालेलं आहे, त्याला तो हिशोब लागू नाही.

कुठलं औषध, तर सगळ्यात जास्त सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफ (स्टॅफिलोकोकस), पण आपल्याकडे एनआयसीयूत राहून आलेल्या बाळांत क्लेब्सिएला वगैरे ग्रॅम निगेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या गटातले, जंतूही बरेच निघतात. म्हणून कल्चर येईपर्यंत या दोन्ही गटांना झाकणारी दोन औषधं चालू करतात, आणि ती कुठली हे ज्या एनआयसीयूत बाळ होतं तिथे काय उगवतं त्यावर ठरतं. तुमचं डिस्चार्ज कार्ड त्यामुळे सोन्यासारखं आहे, तिथे कुठली अँटिबायोटिक दिली, किती दिवस दिली, नळी किती दिवस होती, कल्चरमध्ये काय आलं होतं. ते फाइलमध्ये वर ठेवा. वेळेआधी झालेल्या आणि बरेच दिवस अँटिबायोटिक घेतलेल्या बाळात कँडिडा म्हणजे बुरशीही निघू शकते, म्हणून पू पाठवताना बुरशीचं कल्चरही सांगायचं, हे विसरलं जातं. अ‍ॅमिकासिनसारखं औषध बरेच दिवस चाललं तर किडनीची तपासणी आणि नंतर कानाची तपासणी करून घ्या, वेळेआधीच्या बाळाला तर नक्कीच.

उतार पडतोय हे कसं कळतं? मी सीआरपी दर दोन तीन दिवसांनी करते. तो पटकन वाढतो आणि पटकन उतरतो, सगळं सुरळीत असेल तर आठवडा दहा दिवसांत नॉर्मलला येतो. ईएसआर मात्र तीन चार आठवडे वर राहतो, त्याच्याकडे बघून घाबरायचं नाही. ७२ तासांत सीआरपी हलला नाही किंवा बाळ अजून तसंच किंचाळतंय, तर औषध बदलायच्या आधी मी परत सोनोग्राफी करते, कारण बहुतेक वेळा औषध बरोबर असतं आणि पुवाचा दुसरा खिसा राहिलेला असतो. खरं सांगायचं तर रिपोर्टच्या आधी आईच सांगते. "काल रात्री लंगोट बदलला, रडला नाही." हे वाक्य आलं की मी निम्मी निर्धास्त.

पू नसेलच, दुसरं काही असेल, अशी शक्यता आहे का? आहे. बाळंतपणातलं मांडीचं फ्रॅक्चर, पण ते या वयापर्यंत जुळून गाठीसारखं एक्स-रेत दिसलं असतं. जन्मजात सिफिलिसमध्येही बाळ हातपाय हलवत नाही, बहुतेक दोन्ही बाजूंनी, म्हणून आईच्या कार्डावर व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ताची तपासणी) झालेली आहे का ते बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बीसीजीमुळे हाडात होणारं इन्फेक्शन क्वचित असतं आणि ते काही महिन्यांनी, सावकाश येतं. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळात जंतू बदलतात, किंगेला नावाचा एक मवाळ जंतू येतो, साध्या कल्चरमध्ये उगवतही नाही. आणि नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली या पट्ट्यातलं कुणी वाचत असेल तर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) लक्षात ठेवा, सहा महिन्यांपुढे हातापायाची बोटं सुजली तर ते सिकलसेलचंही असू शकतं आणि त्या मुलांच्या हाडात साल्मोनेला या जंतूचं इन्फेक्शन होतं. तुमच्या बाळात यातलं काही असण्यापेक्षा खुब्यातला पू मला जास्त दिसतोय.

मावशींवर रागावू नका, लंगोट बदलताना रडतो हे पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं असं तुम्हीच लिहिलंय. पण आजपासून त्या पायाला मालीश नाही, शेक नाही, हाडवैद्याकडून ओढून घेणं तर अजिबात नाही. नेताना बाळ ज्या ढबीत पाय ठेवतं त्या ढबीतच राहू द्या, मांडीखाली घडी केलेलं दुपटं ठेवा, पाय सरळ करून गुंडाळू नका. आईने सोबत जायचं, ऑपरेशनसाठी डॉक्टर बंद करायला सांगेपर्यंत दूध चालू ठेवायचं.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीये पण ओळींच्या मधे दिसतंय. सरकारी हॉस्पिटलमध्ये वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेणं आणणं हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) किमान कल्चर आणि पहिलं इंजेक्शन होऊ शकतं, आणि तिथून मेडिकल कॉलेजला १०८ ने पाठवतात. खाजगीत जात असाल तर महात्मा फुले योजनेत ते हॉस्पिटल आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

पुढचं लांबचं आहे, पण आत्ताच सांगून ठेवते कारण नंतर सगळे विसरतात. जखम भरली, सीआरपी नॉर्मल झाला, बाळ पाय मारायला लागलं की लोक यायचे बंद होतात आणि थेट चार वर्षांनी लंगडतोय म्हणून येतात. वाढीच्या प्लेटला इजा झाली असेल तर ती मूल वाढेल तशी दिसते, पाय आखूड होणं, गुडघा वाकडा होणं. लवकर दिसलं तर करण्यासारखं बरंच असतं. मी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी बोलावते, मग सहा महिन्यांनी, मग वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा. आत्ताचा तो "नॉर्मल" एक्स-रेसुद्धा फेकू नका, पुढे तुलनेला तोच लागतो.

पोचलात की इथेच कळवा, सीआरपीचं युनिट काय निघालं आणि सोनोग्राफीत डावीकडे किती मिलिमीटर, उजवीकडे किती. मी रात्री उशिरापर्यंत जागी असते.